जनाना दवाखान्यातली अलमारी

मल्लप्पाचे तीन खांब कापून झाले होते. चौथ्यावर त्यानं करवत ठेवली तेव्हा मी हुनरशाळेच्या फाटकातूनच ओरडले, "थांबा! कापू नका!"

त्यानं मान वर केली, हसला, आणि करवत ओढली. मी शेडात पोचेपर्यंत चौथाही खाली पडला होता. चार खांब, चारही अठ्ठेचाळीस इंचाचे. चांगलं वाळलेलं सागवान, एक गाठ न्हाय त्यात.

"काय झालं तंगी? घराला आग लागली का?" तो म्हणाला. तंगी म्हणजे कानडीत धाकटी बहीण. मल्लप्पा उमरग्याकडचा, आमच्या तुकडीत सगळ्यात थोरला आणि हातानं सगळ्यात सफाईदार. मला तंगी म्हणायचा, पण त्यात माया कमी आणि टोमणा जास्त असायचा.

"अलमारी बसायची न्हाय," मी म्हणाले. "समद्या बाजूंनी तोकडी पडणार हाय."

शेडातले सगळे हसले.

तुम्हाला आधी सांगायला पाहिजे की मी तिथं काय करत होते. ही निजामाच्या राजवटीतली गोष्ट, लढाई चालू होती तेव्हाची. माझा नवरा पलटणीत गेलेला आणि मी धाराशिवला माहेरी. आमचं घर सुताराचं. माझे वडील, आप्पा, सरकारी हुनरशाळेत हत्यारांना धार लावायला होते. हुनरशाळा म्हणजे हाताचं काम शिकवायची शाळा. एका शेडात विणकाम, दुसऱ्यात सुतारकाम. नांगर-वखराचं सुतारकाम नव्हे बरं का, टेबल, खुर्ची, अलमारी, खण, असलं नाजूक. आप्पांची दोन बोटं करवतीखाली गेली, तेव्हा घरात दुसरं कोणी न्हाय म्हणून धार लावायला मी जायला लागले. रंध्याचं पातं घासता घासता मुलं काय शिकतात ते ऐकायचे. एक दिवस सुतारकाम शिकवणाऱ्या उस्तादांनी मला एक फळी दिली आणि म्हणाले, "दिखा बेटी, तेरे हाथ में क्या है." मी फळी साफ करून दिली. त्यांनी ती डोळ्यासमोर धरली, उजेडाकडं केली, आणि दुसरी दिली. झालं. त्या दिवसापासून मी तिथं शिकत होते. वर्ष होत आलं होतं.

पण हजेरीत माझं नाव नव्हतं. आणि आता हैदराबादेहून मोहतमीम साहेब यायचे होते. मोहतमीम म्हणजे असल्या सगळ्या शाळांवरचे मोठे अधिकारी. उस्तादांनी मला आदल्याच आठवड्यात बाजूला घेऊन सांगितलं होतं, "देख बेटी, तेरा नाम हजेरी में नहीं. साहब पूछेंगे, ये लडकी कौन, तो मैं क्या बोलूं? ये अलमारी का काम हो जाने दे. उसके बाद तू घर बैठ." वाईट वाटून म्हणाले ते. पण म्हणाले.

म्हणजे ती अलमारी माझं तिथलं शेवटचं काम होतं. मला काही केल्या ते शेवटचं होऊ द्यायचं नव्हतं.

आता अलमारीचं सांगते. गावात बायकांचा सरकारी दवाखाना होता, त्याला जनाना दवाखाना म्हणत. आत पुरुषाला पाऊल ठेवायची मनाई. त्यातल्या एका खोलीत जुनं दार बुजवून गवंड्यानं भिंतीत मोठा कोनाडा सोडला होता, औषधांची अलमारी त्यात बरोबर बसवायची होती. कचेरीतून नकाशा आला: उंची अठ्ठेचाळीस, रुंदी बत्तीस. हुनरशाळेच्या मुन्शीनं त्याची नक्कल केली. मोहतमीम साहेब आले की त्यांच्यासमोर अलमारी बसवायची, आणि त्यावरून तुकडीची परीक्षा. आत जाऊन कोणी माप घेतलं नव्हतं, कारण कोणाला जाताच येत नव्हतं.

त्या सकाळी उस्तादांनी मला पाठवलं ते वेगळ्याच कामाला. खिडकी कुठल्या अंगाला आहे, दारं कुठं उघडली तर उजेड अडणार न्हाय, एवढंच बघून यायचं. बाई म्हणून मला आत सोडणार होते. फूटपट्ट्या उस्तादांच्या पेटीत कुलूपबंद असायच्या, म्हणून मी जाताना घरून आप्पांचा गज उचलला. गज म्हणजे लाकडाचा दीड हाताचा दांडा, त्यावर चोवीस खुणा. एकेक खूण म्हणजे एक तसू. आमच्या बापजाद्यांनी सगळी घरं, दारं, गाड्या त्याच गजानं केल्या.

गेलेच आहे तर मापही बघावं, म्हणून कोनाड्याला गज लावला. उंची बरोबर दोन गज, म्हणजे अठ्ठेचाळीस. रुंदी एक गज आणि आठ तसू, म्हणजे बत्तीस. नकाशाशी केसाचाही फरक न्हाय! मी अशी खूष झाले म्हणता! नर्सबाईंकडून सुतळी मागून दोन्ही मापांच्या गाठी मारून घेतल्या आणि निघाले.

बाजारातून येताना कापडवाला इंचपट्टीनं कापड मोजत होता, त्याच्या ओट्यापाशी माझे पाय थांबले. मी मोजलं ते तसूत. आणि शाळेत कापणार ते इंचात.

तसू आणि इंच दिसायला भाऊभाऊ. पण तसू इंचापेक्षा एक सूत मोठा. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. एका खुणेला तो फरक डोळ्याला दिसतसुद्धा न्हाय. अठ्ठेचाळीस खुणांना तो सहा इंच होतो. तिथून मी जी धावत सुटले ती फाटकातून ओरडतच आत आले.

हे सगळं मी धापा टाकत उस्तादांना सांगितलं.

"नक्षा सरकारी है बेटी," ते म्हणाले. "उसमें इंच लिखा है."

"उस्ताद, गवंडी कुठं इंचात बांधतो? त्याच्याजवळ गजच असतो. त्यानं आकडे सांगितले, कचेरीनं लिवले. इंच कुणी लिवलं?"

सगळ्यांनी मुन्शीकडं बघितलं. मुन्शी कोपऱ्यात पान लावत बसला होता. "अरे, आकडे के आगे कुछ तो लिखना पडता ना," तो म्हणाला. "शाळेत समदं इंचातच होतं, म्हणून मैंने इंच लिखा."

उस्तादांनी कपाळाला हात लावला. पण मल्लप्पाला चार कापलेले खांब समोर दिसत होते. "अय्यो! सुतळीचं काय सांगती? ताणली की लांब, सैल सोडली की आखूड. सुतळीवर सरकारी लाकूड कापायचं का?"

खोटं बोलत नव्हता तो. सुतारकामात सुतळीचं माप कोणी धरत न्हाय. मी शेडातली एक लांब काठी आणि एक बुटकी काठी उचलली, लाकूड तासायची पटाशी कमरेला खोवली, आणि परत दवाखान्यात गेले. दोन्ही काठ्या कोनाड्यात धरून अशा तासल्या की भिंतीला घासत आत जाव्यात. मग त्या डोक्यावर घेऊन भर बाजारातून आले. लोक म्हणाले, "सरपण मिळालं वाटतं पोरीला!"

शेडात येऊन मी काठ्या मल्लप्पासमोर टाकल्या. "ही ताणून दाखवा."

उस्तादांनी पेटी उघडली, फूटपट्टी काढली, स्वतः मापलं. लांब काठी चौपन्न इंच. बुटकी छत्तीस. दोनदा मापलं. मग मल्लप्पाचा खांब त्या काठीशेजारी ठेवला. सहा इंच काठी वर उरली.

मल्लप्पा खाली बसला. "माझ्याच हातानं कापले," एवढंच म्हणाला. मला त्याला काही बोलावंसं वाटलं न्हाय. चूक त्याची थोडीच होती?

आता पेच असा: साहेब यायला सहा दिवस, आणि लाकूड मोजून आलेलं. नवीन मागवायचं तर तालुक्याचा हुकूम, जिल्ह्याचा हुकूम, दोन महिने. मुलं म्हणाली, तोकडी तर तोकडी, भोवतीनं फळ्या ठोकून भोकं बुजवू. उस्ताद म्हणाले, "नक्को! ठिगळ का काम मेरे नाम पे नक्को."

मी त्या चार खांबांकडं बघत होते. आमच्या घरात चुकून कापलेलं लाकूड फेकत न्हाईत. आप्पा त्याला उलटंपालटं करून त्याला दुसरं काय होता येईल ते बघायचे. मी म्हणाले, "उस्ताद, ह्यांचे उभे खांब व्हायचे न्हाईत. पर आडव्या पट्ट्या व्हतील की! छत्तीस इंच तर पाहिजे, हे अठ्ठेचाळीस हाईत."

"हौ," उस्ताद म्हणाले. "और उभे खांब?"

"दारांसाठी ठेवलेल्या दोन लांब दांड्यांतून, एकेकीतून दोन-दोन."

"और दारां?"

"पाठीच्या फळ्यांतून."

"और पाठ?" मल्लप्पा आता उठून उभा राहिला होता. "पाठीला काय, तुझा पदर लावायचा का?"

"नर्सबाईंच्या अंगणात औषधाची रिकामी खोकी पडल्यात डोंगरभर," मी म्हणाले. "पाठ भिंतीकडं असती. तिचं तोंड कोण बघतंय?"

उस्ताद असे हसले की त्यांची टोपी खाली पडली.

पुढचे सहा दिवस आम्ही जेवायलाही उठलो न्हाय नीट. कुसू काढायचं काम उस्तादांनी मला दिलं. कुसू म्हणजे लाकडाच्या टोकाला काढलेली जीभ. दुसऱ्या लाकडाच्या भोकात ती बसते, खिळा लागत न्हाय. ती सैल झाली तर अलमारी डुलते, घट्ट झाली तर लाकूड उलतं. मी सोळा कुसू काढले. मल्लप्पा एकेक भोकात बसवून बघायचा, काहीतरी खोट सापडावी म्हणून. सोळावा बसवला तेव्हा म्हणाला, "बसला गं." तेवढ्यानंच मला महिनाभराचं जेवण मिळालं.

अलमारी काठीबरहुकूम केली न्हाय. दोन्ही अंगांना एकेक सूत कमी धरलं. लाकूड पावसाळ्यात फुगतं, त्याला जागा नको का?

मोहतमीम साहेब आले. उंच, बारीक, चष्मा, शेरवानीची सगळी बटणं लावलेली. बैलगाडीत अलमारी, तिच्यामागं आम्ही, पुढं त्यांची मोटार, अशी वरात दवाखान्याच्या दारात गेली. ठरलं होतं असं की बायकांना मागच्या खोलीत बसवायचं आणि पुरुषांनी आत जाऊन अलमारी लावायची.

नर्सबाई दारातच आडव्या उभ्या. "नाही साहेब. पहाटे बाळंतीण आली. त्याच खोलीत आहे, तिला हलवता येत नाही. आज आत पुरुष नको."

"मैं कल वापस जा रहा हूं," साहेब म्हणाले.

"तिला काय सांगू, उद्या बाळंत व्हायचं होतंस?" नर्सबाई म्हणाल्या. कोणाला भ्यायच्या न्हाईत त्या.

साहेबांनी उस्तादांकडं बघितलं. उस्तादांनी माझ्याकडं. मी धुण्याच्या दगडापाशी, सगळ्यांच्या मागं, पदर डोक्यावर घेऊन उभी होते, साहेबांच्या नजरेला पडू नये म्हणून. उस्ताद म्हणाले, "बेटी, जा."

पुरुषांनी अलमारी उंबऱ्यापर्यंत आणून ठेवली. आतून आम्ही बायका लागलो. नर्सबाई, झाडूवाली यल्लूबाई, बाळंतिणीची आई आणि मावशी, आणि तपासायला आलेल्या एक बेगमसाहेबा. त्यांनी बुरखा काढून खुंटीला टांगला, बांगड्या वर सारल्या आणि म्हणाल्या, "बोलो जी, कहां पकडूं?"

"खालून धरा, आणि मी व्हय म्हणले की लोटा."

लोटली. गेली. मस्त सरकत गेली, आणि चार बोटं बाहेर असताना अडकली.

बाहेरून मल्लप्पाचा आवाज, "काय झालं? बसली का?"

"बसतीय!" मी म्हणाले. बसत नव्हती.

परत ओढली. गुडघ्यावर बसून भिंतीवरून हात फिरवला. वर गुळगुळीत, मध्ये गुळगुळीत, आणि खाली डाव्या अंगाला चुन्याचा हा एवढा उंचवटा. गवंड्यानं तिथं थापी फिरवली नव्हती. मी काठी गुडघ्याच्या उंचीला आणि छातीच्या उंचीला लावून बघितली होती. अगदी तळाशी लावलीच नव्हती. ती चूक माझी.

अलमारी तासावी तर कुसू उघडे पडतील. मी पटाशी घेतली आणि भिंत तासायला लागले.

"अगं, सरकारी भिंत आहे ती!" नर्सबाई म्हणाल्या.

"अलमारी पण सरकारीच हाय. दोघीतली जी चुकली तिला तासायची."

बाळंतीण खाटेवरून बघत होती. इतका वेळ कण्हत होती, ती हसायला लागली. तिची आई तिला म्हणाली, "हसू नगंस, टाके तुटतील!" तर ती आणखीनच हसली. चुना उडाला, बाळ उठलं, रडायला लागलं. मी हात फिरवला. सपाट.

"व्हय! लोटा!"

अशी गेली ती अलमारी आत, जशी भिंतीनं तिला ओढून घेतली. टप्प झालं आणि कड भिंतीशी बरोबर. बेगमसाहेबा म्हणाल्या, "माशाल्ला!" यल्लूबाईनं माझ्यावरून हात ओवाळून कानशिलावर बोटं मोडली.

आता परीक्षा. साहेबांना आत येता येत न्हाय, आणि न बघता ते लिहिणार कसं? ते दाराबाहेर खुर्चीवर बसले, मध्ये पडदा, पडद्याआड मी.

"कितनी फट है?"

"एक सूत, साहेब. दोन्ही अंगांना."

"मैं कैसे मानूं?" मग त्यांनी हातातला नकाशाच पडद्याखालून सरकवला. म्हणाले, घड्या घालून फटीत घाल, कितीव्या घडीला अडकतो ते नर्सबाई सांगतील.

वर, मध्ये, खाली, तिन्ही जागी घातला. तिन्ही जागी त्याच घडीला अडकला. नर्सबाईंनी मोठ्यानं सांगितलं आणि नकाशा परत बाहेर सरकवला. बाहेर साहेब कागद उलगडत असल्याचा आवाज आला, आणि मग थंड आवाजात प्रश्न: "उस्ताद, यहां अठ्ठेचाळीस इंच लिखा है. गाडी पर मैंने नापी, आपने चौपन्न बनाई है. किसके हुकुम से?"

सरकारी कागद मोडला म्हणजे काय होतं ते त्या काळात सगळ्यांना ठाऊक होतं.

मी पडद्याआडून म्हणाले, "साहेब, कागदाचे आकडे बरोबर हाईत. गवंड्यानं बरोबर सांगितले, कचेरीनं बरोबर लिवले. फकस्त ते तसू हाईत. आम्ही इंच समजलो होतो. जागेवर येऊन बघितलं तवा कळलं."

"किसने देखा?"

"म्या."

"तुम कौन?"

ह्याच प्रश्नाला उस्ताद घाबरत होते. पण आता तेच बोलले, आणि चांगलं मोठ्यानं: "मेरी शागिर्द है साहब. साल भर से. सोळा कुसू उसके हाथ के हैं." आणि मागून मल्लप्पा म्हणाला, "अक्कानंच लाकूड वाचवलं साहेब. न्हाईतर आमी समदं वाया घालवलं होतं." अक्का म्हणजे थोरली बहीण. माझ्यापेक्षा आठ वर्षांनी मोठा होता तो.

साहेबांनी हजेरी मागवली. पानं उलटली. "इसका नाम कहां है?"

मुन्शी म्हणाला, "साहब, लडकी का नाम लिखने का हुकुम नहीं है."

"मनाई का हुकुम है?"

"वो भी नहीं."

साहेब म्हणाले, आणि हे मला शब्द न् शब्द आठवतं, "मेरे पास ग्यारह जनाना दवाखाने और मदरसे हैं. किसी में मेरा कोई आदमी अंदर जाकर एक कील नहीं ठोक सकता. लिखो इसका नाम."

मुन्शीनं दारातच, गुडघ्यावर वही ठेवून नाव लिहिलं: गोदावरी, वडिलांचं नाव, गाव धाराशिव. तारीख वर्षभर मागची घातली, म्हणजे वर्ष वाया जायला नको. पडद्याखालून वही आत सरकवली आणि मी सही केली. मराठीत केली. उर्दू मला यायची न्हाय, आणि कोणी काही म्हणालं न्हाय.

सनद मिळाली. नंतर परंड्यापासून उमरग्यापर्यंत कितीतरी जनाना दवाखान्यांत मी अलमाऱ्या, पाळणे, औषधांचे खण बसवले. राज्य बदललं, माप बदललं, इंच गेले आणि सेंटिमीटर आले. मी मात्र कामाला लागायच्या आधी दोन गोष्टी करायचे. कागदावरच्या आकड्याला, बाबा तू कुणाचा, असं विचारायचे. आणि काठी लावायची ती अगदी तळाशीसुद्धा लावायचे, गुडघे दुखले तरी.